निर्वासिताने दिलेली धून

संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३० लाखांहून अधिक माणसे युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घरदार सोडून परागंदा झालेली होती. हा आकडा महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या जवळपास जातो. निर्वासितांचा प्रश्न चर्चेला आला की, तो बहुधा अशाच आकड्यांच्या भाषेत मांडला जातो. किती आले, किती राहिले, किती परत पाठवले आणि तिजोरीवर किती भार पडला, एवढ्यावरच ती चर्चा संपते. येणारा माणूस बरोबर काय घेऊन आला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या देशात या प्रश्नाचे एक उत्तर सुमारे नऊ दशके रोज पहाटे हवेतून ऐकू येत आहे. ते म्हणजे आकाशवाणीची संकेतधून.

तानपुऱ्याच्या संथ झंकारावर उमटणारी व्हायोलिनची ती छोटी सुरावट ऐकली नाही, असा मध्यमवयीन मराठी माणूस सापडणे कठीण आहे. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या चिखली-मेहकरपासून घाटाखालच्या नांदुरा-मलकापूरपर्यंत एकेकाळी दिवसाची सुरुवात याच सुरांनी होत असे. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. पुढे जळगाव आणि अकोला ही केंद्रेही जिल्ह्याला जवळची झाली. हवामान, बाजारभाव, पिकांवरील रोग, बातम्या आणि भक्तिगीते या साऱ्यांच्या आधी ही धून वाजे. ती इतकी आपली झाली की, ती कोणी तरी रचली असेल, हा विचारही मनात येत नसे. तिचे श्रेय ज्या संगीतकाराकडे जाते तो वॉल्टर कॉफमन हा मध्य युरोपातून जीव आणि स्वाभिमान वाचवून मुंबईत आलेला एक ज्यू निर्वासित होता, ही गोष्ट आजही फार थोड्यांना माहीत आहे.

कार्ल्सबाड ते मुंबई

कॉफमनचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाड या बोहेमियातील गावी झाला. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात आहे आणि कार्लोव्ही व्हारी या नावाने ओळखले जाते. बर्लिनच्या संगीत विद्यालयात फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे त्याने रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. वाद्यांच्या इतिहासाचे थोर अभ्यासक कुर्ट झाक्स हेही तेथे त्याचे गुरू होते. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्याने गुस्ताव माहलर या संगीतकारावर प्रबंध लिहिला. मात्र आपले एक परीक्षक-प्राध्यापक नाझी विचारांच्या युवक संघटनेचे नेतृत्व करतात, हे कळल्यावर त्याने पदवी स्वीकारण्यासच नकार दिला. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या तरुणासाठी हा त्याग लहान नव्हता. हिटलर १९३३ मध्ये जर्मनीत सत्तेवर आला होता आणि ज्यू कलावंतांसाठी तेथील नाट्यगृहे, वाद्यवृंद आणि विद्यापीठे यांची दारे एकामागून एक बंद होत होती.

१९३४ च्या आरंभी कॉफमन मुंबईला पोहोचला. भारतच का, याचे त्याने नंतर दिलेले कारण अगदी साधे होते: या देशाचा परवाना त्याला सहज मिळाला. त्यात ना अध्यात्माची ओढ होती, ना पूर्वेचे आकर्षण. दार उघडे होते म्हणून तो आला. निर्वासिताच्या आयुष्यात देश निवडला जातो तो असाच.

या पलायनाचे मोल पुढे किती ठरले, हे त्याच्या कुटुंबाच्या इतिहासावरून दिसते. त्याची पहिली पत्नी गेर्टी ही प्रख्यात लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची, म्हणजे त्यांची बहीण एली हिची मुलगी होती. एलीला १९४१ मध्ये प्रागहून पोलंडमधील लोड्झच्या वस्तीत हद्दपार करण्यात आले आणि ती परत आली नाही. काफ्का यांच्या तिन्ही बहिणी नाझी संहारात बळी पडल्या. मुंबईचा रस्ता सापडला नसता तर कॉफमनचे नावही त्याच यादीत गेले असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

मुंबईत हातपाय पसरण्याआधीच, त्याच वर्षी मे महिन्यात, त्याने चेंबर म्युझिक सोसायटीची स्थापना केली. विलिंग्डन जिमखान्यात तिच्या साप्ताहिक मैफली होऊ लागल्या. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ वेर्गा असा तो संच होता. एक ज्यू, एक पारशी आणि एक इटालियन. सुरुवातीला मोजके श्रोते असत, पण पहिल्या तीन वर्षांतच शंभराहून अधिक मैफली झाल्या. मेहली मेहता यांनी पुढे मुंबईत वाद्यवृंद उभा केला आणि त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता जगातील अग्रगण्य वाद्यवृंद संचालकांत गणले गेले. मुंबईत पाश्चात्त्य संगीताचे जे छोटेसे पण कसदार शेत तयार झाले, त्याच्या मशागतीत या निर्वासिताचा हात होता.

परक्या सुरांपुढे नम्रता

कॉफमनची थोरवी मात्र केवळ युरोपीय संगीत येथे आणण्यात नाही. मुंबईत आल्यावर त्याने भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तेव्हा ते संगीत त्याला अगदी अनाकलनीय वाटले. साहेबी वर्तुळात वावरणाऱ्या कोणत्याही युरोपियनाने येथेच विषय संपवला असता. कॉफमनने उलट विचार केला. ज्या संगीतावर कोट्यवधी माणसे पिढ्यान्‌पिढ्या प्रेम करतात ते निरर्थक असू शकत नाही. ते आपल्याला कळत नसेल, तर उणीव आपल्या कानात आहे. या निष्कर्षानंतर त्याने शिकायला सुरुवात केली आणि ते शिकणे आयुष्यभर थांबले नाही.

१९३६ च्या जून महिन्यात तत्कालीन सरकारी नभोवाणीचे ‘ऑल इंडिया रेडिओ’ असे नामकरण झाले. संकेतधून त्याच वर्षीची मानली जाते. ती शिवरंजनी रागाच्या स्वरांवर आधारलेली आहे. भूप रागातील शुद्ध गंधार कोमल केला की शिवरंजनीचे पाच स्वर मिळतात. एवढ्या छोट्या बदलाने प्रसन्नतेची जागा एक प्रकारची हुरहूर घेते. खाली अखंड तानपुरा, वर व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो अशी तिची बांधणी आहे. वाद्ये पाश्चात्त्य, राग भारतीय आणि आधारस्वर देणारे वाद्य भारतीय. दोन संगीतपरंपरांची ही सांगड आजच्या ‘फ्यूजन’ या शब्दाच्या कितीतरी आधीची आहे. कोठेही जोड दिसत नाही, म्हणूनच ऐकणाऱ्याला ती परकी वाटत नाही.

मुंबई नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीताच्या विभागाची धुरा कॉफमनने १९४६ पर्यंत सांभाळली. याच काळात मोहन भावनानी यांच्या चित्रपटांसाठी त्याने काम केले. त्याने ‘अनसूया’ ही नभोवाणीसाठीची संगीतिकाही रचली. आणखी एक गोष्ट विदर्भातील वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. गोंड आणि बैगा यांच्या लोकगीतांवरील त्याचा अभ्यासलेख १९४१ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित संगीतविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमधील माडिया आणि मुरिया यांची गाणी व वाद्ये यांवरील त्याचे लेखन १९६० च्या सुमारास आले. ज्या काळात शहरी संगीतरसिक आदिवासींच्या गाण्याला संगीत मानायलाही तयार नव्हते, त्या काळात मध्य युरोपातील एक निर्वासित त्या गाण्यांचे स्वरलेखन करीत होता.

चित्रकलेतही तेच

कॉफमनचे उदाहरण एकटे नाही. १९३३ मध्ये बर्लिनचा रुडॉल्फ फॉन लायडन मुंबईत आला. शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ असलेला हा माणूस पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा कलासमीक्षक झाला. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडली गेल्यानंतर चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आपल्या ज्यू पत्नीसह व्हिएन्नाहून मुंबईला आला आणि त्याच वृत्तपत्राचा कलासंचालक बनला. त्याचाच समकालीन एमॅन्युएल श्लेसिंगर याने औषधनिर्मितीचा व्यवसाय उभारला आणि त्या कमाईतून तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेतली. एकाने शिकवले, दुसऱ्याने लिहिले आणि तिसऱ्याने पदरमोड केली.

१९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपला या तिघांचा भक्कम आधार मिळाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे हे या गटाचे सहा संस्थापक. त्यांपैकी हरी अंबादास गाडे हे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे, म्हणजे अस्सल वऱ्हाडचे. सय्यद हैदर रझा यांनी चित्रकलेचे पहिले धडे नागपुरात गिरवले. मुंबईत आल्यावर लँगहॅमरच्या नेपियन सी रोडवरील स्टुडिओत रझांना रंगांची नवी दृष्टी मिळाली. आरा तर उदरनिर्वाहासाठी घरगड्याची आणि मोटारी धुण्याची कामे करीत. त्यांच्यातील चित्रकार ज्यांनी आधी ओळखला, त्यांत फॉन लायडन होता. या चित्रकारांची प्रतिभा त्यांची स्वतःची होती, ती कोणी आयात केली नव्हती. मात्र प्रतिभेला वेळेवर पाहणारा डोळा लागतो आणि तो डोळा त्या काळी या निर्वासितांपाशी होता, हे नाकारून चालणार नाही.

उघडे दार आणि बंद फाटक

याचा अर्थ त्या वेळचे राज्यकर्ते फार उदार होते, असा काढणे चुकीचे ठरेल. कॉफमन आला तेव्हा परवाना सहज मिळत होता. १९३८ नंतर युरोपातून निघू पाहणाऱ्यांची संख्या वाढताच ब्रिटिश भारत सरकारने नोकरीची आणि निर्वाहाची हमी मागण्यास सुरुवात केली. डॉक्टर, तंत्रज्ञ अशा निर्वासितांना भारतात काम मिळावे म्हणून पंडित नेहरूंनी प्रयत्न केले, पण अंतिम अधिकार त्यांच्या हाती नव्हता. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच जर्मन आणि ऑस्ट्रियन पारपत्र असलेल्या पुरुषांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. त्यांना तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत ठेवले गेले. त्यांत हिटलरचे समर्थक होते, तसेच हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते. छळणारा आणि छळला गेलेला एकाच तारेच्या कुंपणाआड! कागदावरील राष्ट्रीयत्व पाहणाऱ्या यंत्रणेला माणूस दिसत नाही, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. मुंबईतील ज्यू मदत संघटनेने धडपड करून यांतील अनेकांची सुटका करवून घेतली.

याच महाराष्ट्राच्या मातीत दुसरे उदाहरणही आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. शाळा, चर्च, दवाखाना असे एक छोटे पोलिश गावच पंचगंगेकाठच्या परिसरात वसले. वळिवड्याच्या मुलांनी वृद्धापकाळापर्यंत कोल्हापूरची आठवण जपली. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पोलंडच्या दौऱ्यात वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले तेव्हा हा इतिहास पुन्हा प्रकाशात आला. ज्या आश्रयाकडे त्या वेळी खर्च म्हणून पाहिले गेले, तोच आठ दशकांनंतर देशाच्या प्रतिष्ठेचा विषय झाला.

कायद्याची पोकळी

आज काय स्थिती आहे? भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर किंवा त्याच्या १९६७ च्या पूरक करारावर स्वाक्षरी केलेली नाही. निर्वासितांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कायदाही नाही. १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली. पण त्यातही ‘निर्वासित’ हा स्वतंत्र वर्ग नाही. सरकार वेळोवेळी आदेश काढून काही गटांना सूट देते. तिबेटी, श्रीलंकेतील तमीळ, तसेच पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील अल्पसंख्य यांना अशा सवलती मिळाल्या आहेत. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये लागू झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताचे संरक्षण परकीयांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे आश्रय मिळतो, पण हक्क म्हणून नव्हे, तर मर्जी म्हणून. कोणाला किती आणि कधीपर्यंत, हे त्या त्या वेळच्या राजकारणावर अवलंबून राहते.

सुरक्षेची चिंता खोटी आहे, असे कोणी म्हणणार नाही. ज्या देशात स्वतःच्याच कोट्यवधी नागरिकांना पुरेसा रोजगार नाही, तेथे साधनसंपत्तीवरील ताणाचा मुद्दाही खरा आहे. परंतु कायद्याची पोकळी यांपैकी एकही प्रश्न सोडवत नाही. निर्वासित कोण आणि घुसखोर कोण, हे ठरवण्याची स्पष्ट पद्धत असेल तर सुरक्षा यंत्रणेचेच काम सोपे होते. ती नसेल तर अहमदनगरच्या छावणीतील गोंधळ वेगळ्या रूपात पुनःपुन्हा घडत राहतो.

येथे एक धोका टाळला पाहिजे. कॉफमन गुणी होता म्हणून त्याला आसरा मिळणे योग्य होते, असा युक्तिवाद वरवर आकर्षक वाटतो. पण मग ज्याला व्हायोलिन वाजवता येत नाही त्याचे काय? लाखो निर्वासित सामान्य माणसे असतात. त्यांना जगायचे असते, एवढेच त्यांचे पात्रतापत्र असते. शिवाय कॉफमन गोरा, उच्चशिक्षित आणि वसाहतीच्या राजधानीतुल्य शहरात येणारा होता. ज्या वर्तुळांनी त्याचे स्वागत केले ती वर्तुळे कोणत्याही अर्धपोटी निर्वासिताला खुली नव्हती. म्हणून या कथेचा धडा ‘गुणवंतांना येऊ द्या’ हा नाही. माणसाला आधी उभे राहण्यापुरती जागा, कामाची मुभा आणि सोबत काम करणारे स्थानिक सहकारी मिळाले, तर त्याच्यातील गुण प्रकट होतात. तोपर्यंत ते कोणालाच दिसत नाहीत, कधीकधी त्यालाही नाही, हा तो धडा आहे.

तो केवळ सीमेपलीकडून येणाऱ्यांपुरता मर्यादित नाही. विस्थापन बुलढाणा जिल्ह्याला नवे नाही. नांदुरा तालुक्यातील जिगाव प्रकल्पासाठी पूर्णाकाठची गावे उठत आहेत. दुष्काळी वर्षांत घाटावरच्या तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे पुणे-मुंबईच्या वाटेला लागतात. देशातल्या देशात स्थलांतर करणाऱ्याला निर्वासित म्हणत नाहीत आणि म्हणूही नये. त्याला नागरिकाचे सर्व हक्क आहेत. पण त्याच्याकडे पाहण्याची नजर बहुधा तीच असते. भूखंड किती, मोबदला किती, याचा हिशेब होतो. गावाबरोबर भजनी मंडळ, पोतराजाचे गाणे, सुतार-कुंभाराचा हात यांचे काय होणार, याचा रकाना पुनर्वसनाच्या तक्त्यात नसतो. शासनाने तिबेटी निर्वासितांसाठी गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव परिसरात वसवलेल्या नॉर्ग्येलिंग वसाहतीत शाळा, मठ आणि सामूहिक जीवन यांना जागा ठेवली होती. परक्यांसाठी जे सुचले ते आपल्यांसाठी सुचू नये, हे नवल आहे.

पुढचा प्रवास आणि आपले विस्मरण

१९४६ मध्ये कॉफमनने भारत सोडला. बारा वर्षे येथे काढूनही तो येथे कायमचा रुजला नाही. काही काळ लंडन, मग कॅनडातील हॅलिफॅक्स आणि १९४८ पासून सुमारे दशकभर विनिपेग येथील वाद्यवृंदाचे संचालकपद असा त्याचा प्रवास झाला. १९५७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात तो संगीतशास्त्राचा प्राध्यापक झाला. भारतात घेतलेल्या शिक्षणाचे पीक तेथे आले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्याचा बृहद्ग्रंथ १९६८ मध्ये आणि दक्षिणेच्या रागांवरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात, १९७५ मध्ये, त्याने तिबेटी बौद्ध पठणावर पुस्तक लिहिले. तिबेटी समाज तेव्हा स्वतःच परागंदा होऊन भारतात आलेला होता. एका निर्वासिताने दुसऱ्या निर्वासित समाजाचे सूर नोंदवून ठेवावेत, यात एक औचित्य आहे. ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या स्वतंत्र रचना दीर्घकाळ विस्मृतीत पडल्या होत्या. २०२० मध्ये कॅनडातील एआरसी एन्सेम्बल या संचाने, परागंदा संगीतकारांवरील आपल्या मालिकेत, त्याच्या निवडक रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. जगाने त्याला नव्याने ऐकले, असे म्हणायला हरकत नाही. भारतात मात्र मे २०२३ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ऐवजी केवळ ‘आकाशवाणी’ हेच नाव वापरण्याचा निर्णय झाला तेव्हा नावाची भरपूर चर्चा झाली. धून ज्याच्या नावावर आहे त्याची आठवण फारशी कोणी काढली नाही.

ज्या देशाचे नाव बदलते, ज्या संस्थांची नावे बदलतात, तेथे एका परदेशी संगीतकाराच्या नावाचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. आश्रय दिल्याने काय गमावले याचा हिशेब प्रत्येक समाज चोख ठेवतो. काय मिळाले याची नोंद ठेवत नाही. त्यामुळे पुढचा निर्वासित दारात आला की, समोर फक्त खर्चाची बाजू असते. शाळेच्या पुस्तकात, आकाशवाणीच्या केंद्रांवर आणि निर्वासितांविषयीच्या धोरणचर्चेत कॉफमनचे नाव यावे ते त्याच्या गौरवासाठी नव्हे. त्याला आता त्याची गरज नाही. ते यावे ते जमेची बाजूही वाचता यावी म्हणून. १९३४ मध्ये परवाना देणाऱ्या त्या अनाम कारकुनाला आपण देशाच्या पहाटेचे सूर आत घेत आहोत, याची कल्पना असणे शक्य नव्हते. धोरण आखणाऱ्यांनाही अशी कल्पना कधीच आधी येत नाही. म्हणूनच धोरण कल्पनेवर किंवा मर्जीवर नव्हे, तर कायद्यावर उभे असावे लागते.